मिसर, कनान आणि नातवाच्या मनगट्या

नातवाच्या हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या गायब झाल्या, तेव्हा माझा संशय थेट विहीणबाईंवर गेला. दुसरं कोण असणार? सुनेची आई ज्यू, कडक नेमाची, मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. सोमवार ते बुधवार बाळ त्यांच्याकडे, गुरुवार-शुक्रवार माझ्याकडे. त्या गुरुवारी मुलाने बाळाला आणून सोडलं, तर हात भुंडे!

"मनगट्या कुठे गेल्या रे?" मी विचारलं.

"आई, क्लिनिकला लेट होतंय," म्हणाला आणि पळाला.

विहीणबाईंचं मत मला आधीच माहीत होतं. एकदा चहा पिताना मी सहज विचारलं होतं, तुमच्यात दृष्ट लागते का हो? तर त्यांनी धर्मशास्त्रच सांगितलं. देवाची आज्ञा आहे म्हणे, ज्या मिसरमधून, म्हणजे इजिप्तमधून सुटून आलात, तिथल्या लोकांसारखं वागू नका आणि ज्या कनानमध्ये निघालात, तिथल्या लोकांसारखंही नको. पुढे त्यांच्या पंडितांनी त्यावरून निषिद्ध तोडग्यांच्या याद्याच केल्या. "बोटाला लाल दोरा बांधणंसुद्धा त्यात आहे," त्या म्हणाल्या आणि बाळाच्या मनगटाकडे बघत राहिल्या.

मला ते चांगलंच झोंबलं. म्हणजे मी कनानी? उभा जन्म नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात गेला माझा, मण्यांनी आजार टळत नाहीत हे मला कुणी शिकवायला नको. पण मण्यांचं दुःख नव्हतंच. आज मनगट्या गेल्या, उद्या बाळाच्या तोंडची 'आजी' ही हाक जाईल. मग या पोरात माझं म्हणून काय उरणार? या विचाराने मला अन्न गोड लागेना.

सोमवारी दुपारी केक देण्याचं निमित्त काढून मी त्यांच्या घरी गेले. त्या बाळाची नॅपी बदलत होत्या. मी त्यांच्या हातांवर डोळा ठेवून होते, न जाणो आणखी काय काढतील! त्यांनी बाळाचा मोजा उतरवला आणि थबकल्या. दुसराही उतरवला. मग माझ्याकडे असं बघितलं, की चोर मीच.

"तुम्ही काढलात?"

"काय?"

"लाल दोरा. बुधवारी मी घोट्याला बांधला होता."

"अगं बाई! अहो, पण तो तर तुमच्या यादीत आहे ना?"

"आहे," त्या लाल होत म्हणाल्या. "पण माझी आजी बांधायची."

तेवढ्यात मुलगा बाळाला न्यायला आला. आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

"मी कापला. दोरा, मनगट्या, दोन्ही. चोकिंग हॅझर्ड आहे, आई, घशात अडकेल. तू भांडली असती, म्हणून नाही सांगितला." एवढं बोलून तो गाडीत बाळाची सीट लावायला गेला.

हाच मुलगा लहानपणी शाळेच्या गेटपाशी पोहोचला, की मी लावलेली तीट बाहीने पुसायचा. मी ते गाडीच्या आरशातून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे. आणि मी चार दिवस संशय घेतला तो परक्या बाईवर.

विहीणबाईंनी खिडकीतून बाहेर एक नजर टाकली. "तुमचं ते काळं काजळ असतं ना, ते आहे जवळ?" त्यांनी हळूच विचारलं.

पर्समध्ये होतंच. त्यांनी बाळाचा पाय घट्ट धरला. मी टाचेला तीट लावली. मोजा त्यांनीच वर ओढला.