रडण्याच्या तासाला नापास

ढिम्म्या,

मागच्या भेटीत तुझ्याशी तुझ्याबद्दल बोलायला लागले, तर तू जाळीपलीकडे मान फिरवून भिंतीचा रंग बघत बसलास. परक्याच्या भानगडी मात्र तू कान देऊन ऐकतोस. तेव्हा ही परक्याची गोष्ट समज. तुझ्या आत्याच्या खालच्या मजल्यावर इतकी वर्षं राहून मला जेवढी कळली, तेवढी सांगते. चुकलं तर सांग. त्या निमित्ताने तोंड तरी उघडशील.

एक मुलगा होता. आई लहानपणीच गेली आणि बाप पट्ट्याशिवाय बोलत नसे. म्हणून शर्टांच्या कारखान्यात काजं करणाऱ्या आत्याने त्याला उचलून आपल्या घरी आणलं. पंधराव्या वर्षी त्याची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. आत्याने शाळेत सांगितलं. "वयच आहे," शाळेने निदान केलं. शाळांना तेवढं एकच निदान येतं. पुढे एका दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्याला चोर म्हणून हटकलं आणि याने गल्ल्याजवळचं वजन उचलून त्याच्या कानशिलावर हाणलं. दुकानदाराला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. यात पाठीशी घालण्यासारखं काही नाही, आणि मी घालतही नाही.

सुधारगृहात त्याचं नाव ढिम्म्या पडलं, कारण चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. तिथे सुतारकाम होतं, शिवणकाम होतं. पण मुलं जीव लावून बसायची ती रडण्याच्या तासाला. कोणाला घरी सोडायचं ते एक समिती ठरवायची, आणि पश्चात्ताप दिसल्याशिवाय ती कोणाला सोडत नसे. म्हणून समिती यायच्या आदल्या दिवशी, कपडे वाळत घालायच्या गच्चीवर, मास्तर म्हणून ओळखला जाणारा एक थोराड मुलगा सगळ्यांना पश्चात्ताप शिकवायचा.

"मान खाली. आधी नाक ओढायचं, डोळे मागनं. आईचं नाव अगदी शेवटी. आधीच काढलंस तर पुढे काय उरतं?"

"मला येत नाही," ढिम्म्या म्हणाला.

"काय, आईचं नाव?"

"रडायला. पूर्वी यायचं."

"मग स्वयंपाकघरातनं कांदा उचल, येड्या."

पोरं फिदीफिदी हसली. ढिम्म्या नाही.

समितीत एक निवृत्त अधिकारी, एक समाजसेविका आणि एक मनाचे डॉक्टर. मास्तर असा काही रडला की समाजसेविकेने त्याला स्वतःचा रुमाल दिला. मास्तर घरी गेला. रुमालही गेला.

मग ढिम्म्याची पाळी. बाहेर बाकावर आत्या रजा टाकून बसलेली, मांडीवर त्याच्या धुतलेल्या कपड्यांची पिशवी. आज सोडतीलच, असं ती शेजारच्या बाईला सांगत होती.

"केलंस त्याचं वाईट वाटतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही वाटत नाही. कशाचंच. जेवताना तोंडात काय आहे तेही कळत नाही. झोप तर नाहीच."

"म्हणजे वाईट वाटत नाही."

"मी बरा होईन का?"

"प्रश्न आम्ही विचारायचे," निवृत्त अधिकारी म्हणाले.

डॉक्टरांनी पहिलं वाक्य ठेवून घेतलं, बाकीची सोडून दिली. आत्या पिशवी घेऊन परत गेली.

आता शास्त्राचा नियम असा, की 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व' हे भारदस्त नाव अठराच्या आत कोणाला देता येत नाही. तोवर नुसता 'वर्तनाचा बिघाड'. डॉक्टर नियमाचे पक्के. त्यांनी वाट पाहिली. मधल्या काळात काही औषधपाणी करावं, असं आपल्यासारख्यांना वाटतं. पण दूध उतू जाईपर्यंत हाताची घडी घालून उभं राहायचं आणि मग 'मी म्हटलंच होतं' म्हणायचं, यातही एक समाधान असतंच की. अठरावा वाढदिवस झाला, बिघाडाला बढती मिळाली आणि ढिम्म्या मोठ्या तुरुंगात गेला.

तिथे आत्या भेटायला गेली, तेव्हा त्याने एकच विचारलं.

"आत्या, त्या काकांना आता ऐकू येतं का?"

आत्या घाबरली. "त्यांचं नाव नको काढूस, बाबा. परत काही मनात आहे का तुझ्या?"

पश्चात्ताप म्हणतात तो हाच असावा. पण नाक ओढलं नव्हतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आला नाही.

सुटल्यावर गोदामात हमालीचं काम मिळालं. एका संध्याकाळी त्याने खालच्या मजल्याचं दार वाजवलं.

"बाई, माझ्याबरोबर दुकानात याल? तुम्ही आत जाऊन विचारा. मी पलीकडच्या फुटपाथवर थांबतो."

"तूच का नाही विचारत?"

"मला बघून घाबरतील."

"आणि ऐकू येत नसलं तर काय करणारेस?"

"मला माहीत तरी असेल. पण एकट्या जाऊ नका हं, बाई. मी असायला हवा."

मंगळवार ठरला. सोमवारी गोदामातला माल गायब झाला. पोलिसांनी डोकं शिणवलं नाही, एवढं भारदस्त नाव असलेला माणूस आयता होता. पकडायला आलेल्या शिपायाला याने असं ढकललं की त्याचं मनगट मोडलं. माल शेजारच्या गोदामात सापडला, चुकून तिकडे उतरवलेला. मनगट मात्र मोडलेलंच. आत्या पुन्हा पिशवी भरायला लागली. डॉक्टरांचं भाकीत खरं ठरलं. भाकीत सगळ्यांनी केलं. औषध कोणी केलं नाही.

तर गोष्ट एवढी. मंगळवारी मी चपला घालून, छत्री घेऊन जिन्याखाली बसले होते. एकट्या जाऊ नका म्हणालास, म्हणून अजून गेलेली नाही. दुकान आहे तिथेच आहे. दुकानदार फोन उजव्या कानाला लावतो, हे येता-जाता दिसतं. पण तो तर मीही उजव्याच कानाला लावते, तेव्हा त्यावरून काही कळत नाही.