गोल डोक्याचे बोल्ट

ठोक्याला ठोक्या हे नाव पडलं ते त्याच्या हातोडीमुळे. नदीवरच्या जुन्या लोखंडी कैचीच्या पुलावर तो फिटर होता, आणि सकाळी सातला त्याची ठकठक सुरू झाली की गावातली माणसं घड्याळ जुळवून घ्यायची. खात्याच्या कागदावर त्याचं दुसरं काही नाव असेलच, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना "आमचे ठोके" म्हणायची, आणि त्यात कौतुक किती नि वैताग किती हे तिचं तिलाच ठाऊक.

काम बघायला सोपं होतं. पुलाच्या पट्ट्या जोडणाऱ्या गोल डोक्याच्या खिळ्याच्या, म्हणजे रिव्हेटच्या, एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने हातोडीचा हलका ठोका द्यायचा. रिव्हेट घट्ट असेल तर बोटाला काही कळत नाही, सैल असेल तर बारीकशी थरथर येते. एवढंच. पण हे एवढंच शिकायला त्याला तीन वर्षं लागली होती, आणि पुढे आलेल्या एकाही साहेबाला ते कधी जमलं नाही. जमावं असं साहेबांना वाटलंही नाही, ती गोष्ट वेगळी.

सैल रिव्हेट काढून तिथे नवा, तापवलेला रिव्हेट ठोकायला चार माणसं लागतात: भट्टीवर एक, झेलायला एक, मागून आधार द्यायला एक आणि घण मारायला एक. ठोक्या नोकरीला लागला तेव्हा त्याला धरून चौघं होते. मग दोघं निवृत्त झाले, एक वारला, आणि त्यांच्या जागा भरायचा कागद कुठल्याशा टेबलावर धूळ खात पडला. ठोक्या एकटा उरला. एकट्याने रिव्हेट कसा मारायचा असं त्याने साहेबांना विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, बोल्ट मारा आणि विषय संपवा.

त्याने बोल्ट मारला. पण गोल गोल रिव्हेटांच्या रांगेत ते सहा कोनांचं डोकं त्याला खोट्या दातासारखं दिसायला लागलं. दोन दिवस त्याने कळ काढली, तिसऱ्या दिवशी कानस घेऊन बसला आणि ते डोकं घासून घासून गोल केलं. नट आतल्या पोकळीत गेला होता, जिथे माणूस आडवा झाल्याशिवाय नजर पोचत नाही. वरून रंगाचा हात दिला तेव्हा आपला बोल्ट कुठला हे त्याचं त्यालाच शोधावं लागलं. मग तोच रिवाज पडला. कधी आठवड्याला एक, कधी दोन, कधी एकही नाही. प्रत्येक नटाला दरवर्षी ग्रीस. एकतीस वर्षं हा माणूस बोल्टांची डोकी घासत राहिला, आणि खात्यात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. आता हा वेडेपणा म्हणायचा की काम, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर अशी वेडी माणसं होती म्हणून तो पूल उभा होता.

तो निवृत्त झाला आणि दोन वर्षांत खाली पाच किलोमीटरवर सिमेंटचा नवा पूल झाला. जुन्यावरून गाड्या बंद झाल्या. माणसं मात्र चालतच होती, कारण पलीकडे शाळा होती, बाजार होता आणि दवाखाना होता. त्या दवाखान्यात ठोक्याची मुलगी केसपेपर लिहायच्या खिडकीवर बसायची. नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती, सकाळी पुलावरून जायची आणि संध्याकाळी पुलावरून यायची. घरात बोलणारं माणूस ती एकच. ठोक्या आणि त्याची बायको यांचं बोलणं फार पूर्वीच मिठाच्या बरणीपुरतं उरलं होतं.

एका सकाळी पुलाच्या खांबावर नोटीस लागली. पूल भंगारात जाणार होता. मुलीने चौकशी केली तेव्हा एक वाट निघाली: जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याने हा पूल जतनाच्या यादीत घेतला, तर त्याला कुणी हात लावू शकत नाही. नाहीतर तिला पलीकडे खोली घ्यावी लागणार होती, कारण दवाखाना उघडायच्या वेळेला नव्या पुलावरून फिरून जाणारी बस नव्हती. तिने अर्ज लिहिला, फोटो जोडले, शाळेतल्या मास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पाच महिन्यांनी उत्तर आलं की पाहणीला माणसं येत आहेत.

आदल्या संध्याकाळी मुलीने बापाला समोर बसवलं आणि बजावलं.

"बाबा, पाहणीवाले विचारतील तेवढंच बोला. तुमच्या बोल्टांचं पुराण काढू नका."

"मी कशाला काढू?" ठोक्या म्हणाला.

"ते उद्या गप्प बसले तर मी नवा पूल डोक्यावर उचलून आणीन," बायको आतून म्हणाली.

पाहणीला आलेल्या बाई पन्नाशीच्या, पायात बूट, गळ्यात भिंग. बरोबर दोन मदतनीस. बाई मोठ्या आवडीने बघत होत्या, हे मान्य करायलाच हवं. त्यांनी खांबांमधल्या दोन्ही गाळ्यांची मापं घेतली, खांबावरची जुन्या कारखान्याची ओतीव पाटी हाताने पुसली. दुरुस्ती काही झाली आहे का, असं त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, किरकोळ. ठोक्या मूग गिळून उभा होता. अर्धा दिवस असाच गेला. बाईंचा कल पुलाकडे आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि मुलीच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जरा रंग आला होता.

मग बाई मधल्या खांबाजवळच्या एका सांध्यापाशी थांबल्या. डोळ्याला भिंग लावून त्यांनी एकेक डोकं पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि मदतनिसांना जवळ बोलावलं.

"हे बघा. हा त्या काळचा हात. किती एकसारखं काम आहे. आज असं करणारा माणूस शोधून सापडणार नाही."

त्या सांध्यातले चोवीसच्या चोवीस बोल्ट ठोक्याचे होते. मुलगी ज्या पावसाळ्यात जन्मली, त्या पावसाळ्यातले.

एकतीस वर्षांत या माणसाला कुणी बरं म्हटलं नव्हतं. साहेबांनी नाही, गावाने नाही, बायकोने तर नाहीच. आणि आज जिला कळतं अशी बाई त्याच्या कामावरून अंगठा फिरवत होती आणि श्रेय देत होती शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या कुणालातरी. मुलीने त्याची बाही धरली. पण ते आता त्याच्याही हातात राहिलं नव्हतं.

"बाई, ते मी केलंय," ठोक्या म्हणाला.

बाईंना आधी गंमत वाटली. मग तो फळ्यांवर आडवा झाला आणि त्याने पोकळीत हात घालून नट दाखवला, ग्रीस लागलेला. त्या म्हणाल्या, असे आणखी आहेत का? आहेत तर! ठोक्याला तोंड फुटलं. कुठला कोणत्या साली, कुठल्या पुरानंतर, कुठल्या उन्हात, सगळं त्याला पाठ होतं. तो पुढे आणि बाई मागे, हातात खडू. त्याने बोट ठेवायचं, त्यांनी फुली मारायची. ऊन उतरेपर्यंत पूल फुल्यांनी पांढरा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? मुलगी कठड्याला टेकून उभी होती.

शेवटी बाईंनी फुल्या मोजल्या. अकराशे बारा. मुख्य सांध्यांतले निम्म्याहून जास्त.

"तुमच्या कामात खोट नाही," त्या त्याला म्हणाल्या, आणि त्यांनाही वाईट वाटत होतं. "पण आम्ही जुनं असेल तेच घेतो. निम्म्याहून जास्त सांधे बदललेले असले की नियमात बसत नाही. मला आता हे कळलंय, मी लिहिल्याशिवाय राहू शकत नाही."

"पण बदलले नसते तर पूल पडला असता," ठोक्या म्हणाला.

"हो, पडला असता," बाई म्हणाल्या.

पत्र दीड महिन्याने आलं, चार ओळींचं. मुलीने ते वाचून कपाटावर ठेवलं. ती रागावली असती, दोन शब्द बोलली असती, तर ठोक्याला सोसलं असतं. तिने पुढच्या महिन्यात पलीकडे खोली घेतली, एक ट्रंक आणि एक गादी पुलावरून हातगाडीने नेली, आणि रविवारी येईन म्हणाली. पहिल्या रविवारी आली. दुसऱ्या रविवारी बस चुकली.

उन्हाळ्यात नदी आटली तसे भंगारवाल्याचे लोक आले. गाळ्यांखाली लाकडी टेकू उभे राहिले, गॅसच्या टाक्या उतरल्या. ठोक्या लांबून बघत होता. पहिल्याच सकाळी त्याच्या लक्षात आलं की ही पोरं चुकीच्या टोकाला हात घालताहेत. तिथली तिरपी पट्टी आधी सुटली तर वरचा गर्डर खाली येणार आणि दोनचार जण त्याखाली जाणार. तो दुपारपर्यंत घरात बसून राहिला. मग उठला आणि मुकादमाला जाऊन सांगितलं, आधी काय सोडायचं ते मी दाखवतो. पुलावर काम केलंय, एवढंच त्याने स्वतःबद्दल सांगितलं. मुकादमाने त्याला तिथल्या तिथे कामावर घेतलं.

बायकोने सकाळी डबा भरून ओट्यावर ठेवला, नोकरीत असताना ठेवायची तसा.

नऊ दिवस ठोक्या पूल सोडवत होता. जिथे रिव्हेट होते तिथे गॅसने कापावं लागत होतं, एकेका डोक्याला वेळ जात होता, घाम निघत होता. जिथे बोल्ट होते तिथे आतल्या नटाला पाना लागायचा, आणि नट पहिल्या झटक्याला फिरायचा. एकही अडला नाही. महिन्याचं काम दहा दिवसांत उरकणार म्हणून मुकादम खूश होता.

नवव्या दिवशी मधल्या खांबाजवळ गॅसवाला त्याच्या शेजारी येऊन बसला. परगावचा माणूस, आयुष्यभर पूल तोडत आलेला. नुकताच निघालेला एक बोल्ट त्याने हातात घेतला, गोल घासलेलं डोकं निरखून पाहिलं, आट्यांवरून नख फिरवलं.

"इतके पूल कापले काका, पण असं काम नाही पाहिलं. कुणी केलंय हे? माहीत आहे तुम्हाला?"

ठोक्याने मान हलवली.

"नाही. जुनं काम आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या नटाला पाना लावला.