निळ्या स्फटिकाची चौथी तपासणी

आमच्या वन्सं दगड घासतात. ऐकणाऱ्याला वाटतं मी नणंदेला टोमणा मारतेय, पण त्यांची नोकरीच ती आहे. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बसून दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि ओल्या पुडीवर घासत राहायचं, आरपार उजेड दिसेपर्यंत. सत्तावीस वर्षं हेच. बोटांच्या टोकांवर रेषा उरलेल्या नाहीत, त्यामुळे हजेरीचं यंत्र रोज सकाळी त्यांना ओळखायला नकार देतं. माझे यजमान, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, यावर हसतात. मला हसू येत नाही.

गेल्या वर्षी जुनं कपाट आवरताना वन्संना एक नमुना सापडला. पांढऱ्या दगडावर निळेशार, टोकदार असे आठ स्फटिक. चिठ्ठीवर नाव होतं कॅव्हन्साइट. ते खनिजही काही ढिगाने मिळत नाही, पण संग्रहालयात त्याचे पाच नमुने होते आणि सगळे गोल, गेंदासारखे. हे मात्र सुटे सुटे भाले. वन्संनी भिंग लावलं तर एक स्फटिक नेमका समोरून दिसत होता, आणि त्याचा आकार होता पाच टोकांच्या चांदणीचा.

त्या दिवशी घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या बोलायला लागल्या. "वहिनी, तो पेंटागोनाइट आहे! कॅव्हन्साइटचा सख्खा भाऊ. दोघांत माल तोच, कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका, पाणी. रंग तोच. फक्त आतली वीण वेगळी. एकाच लोकरीचे दोन स्वेटर म्हणा ना. पण हा फार म्हणजे फारच दुर्मिळ!"

"मग सांगा की साहेबांना."

"सांगितलं. म्हणाले, तुम्ही घासा."

साहेब म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण कागदाशिवाय त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नाही. वन्संनी महिनाभर पिच्छा पुरवला तेव्हा त्यांनी दोन स्फटिक काढून रासायनिक तपासणीला पाठवले. उत्तर आलं: घटक कॅव्हन्साइटशी जुळतात.

"जुळणारच!" वन्सं त्यांना म्हणाल्या. "दोघांचे घटक एकच आहेत, साहेब. ही तपासणी दोघांना वेगळं सांगूच शकत नाही. क्ष-किरणांची करा, ती आतली वीण दाखवते."

साहेबांना यातून एवढंच कळलं की बाईंचा अहवालावर विश्वास नाही. म्हणून त्यांनी खात्रीसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत तीच तपासणी करवली. आणखी तीन स्फटिक गेले. मग वाद मिटावा म्हणून तिसऱ्या प्रयोगशाळेत, पुन्हा तीच. आणखी दोन. प्रत्येक जण स्वच्छ, सुबक स्फटिक मागायचा आणि दळून टाकायचा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! उरला एकच, तो चांदणीवाला. तोही वन्संनी पाकिटं भरताना हाताने झाकून धरला होता म्हणून.

मधल्या काळात त्यांनी नमुन्याच्या डबीच्या तळाशी पडलेला कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. प्रकाश या दोन खनिजांतून वेगवेगळ्या तऱ्हेने जातो. त्या परीक्षेत कॅव्हन्साइटचं चिन्ह येतं अधिक, पेंटागोनाइटचं उणे. उणे आलं. वन्संनी तसं लिहून दिलं. कागद परत आला, वर शेरा: 'सदर निरीक्षण करण्यास कर्मचारी पात्र नाही.' तो कागद वाचून माझं डोकं असं फिरलं की हातातला पेला मी आपटलाच.

वन्संच्या निवृत्तीला तीन महिने उरले आणि साहेबांनी अचानक क्ष-किरण तपासणीला मंजुरी दिली. पूड पाठवा म्हणाले.

"नका पाठवू," मी म्हटलं. "शेवटचा आहे तो. राहू दे तसाच."

"खोट्या नावाखाली? मी गेल्यावर कोण बघणार आहे त्याच्याकडे? टोक तेवढं काढून खलात दळते मी. चिमूटभर पुरते."

"त्यापेक्षा साहेबांनाच घाला त्या खलात!"

त्या हसल्या. पण दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्यांनी सांगितलं ते असं. टोकाशी सुई लावली मात्र, स्फटिक उभा चिरत गेला. चांदणीचा पार चुरा झाला. तो त्यांनी गोळा केला, अकीकाच्या खलात दळला आणि पाकिटात भरून पाठवला. रात्री त्यांचं जेवण तसंच राहिलं. यजमान दोनदा म्हणाले, "अगं, दगडच तो." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की तिसऱ्यांदा बोलले नाहीत.

दीड महिन्याने अहवाल आला. पेंटागोनाइट. निःसंशय.

साहेब खूश! संग्रहालयाच्या पत्रिकेत 'आमचा शोध' म्हणून बातमी टाकली, खाली नाव स्वतःचं. दर्शनी कपाटातली जागा रिकामी करवली, दिवा लावला आणि वन्संना म्हणाले, "आणा तो नमुना."

वन्संनी पांढरा दगड आणून ठेवला. त्यावर आठ खड्डे.

"यात निळं कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"चार पाकिटांत गेलं, साहेब. चारही पत्रांवर सही तुमची आहे."

साहेब म्हणाले, मग पेंटागोनाइटची नोंद करता येणार नाही, नमुनाच नाही तर नोंद कसली. दिवा काढून नेला.

हे सगळं वन्संनी मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं. आवाज चढला नाही, साहेबांना एक शिवीसुद्धा नाही. मीच चार हासडल्या. मग त्या खाली बसल्या आणि लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडल्या.

"मी बरोबर होते हो, वहिनी," म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून बरोबर होते. आणि शेवटचा मीच दळला."