पाचवी डाइव्ह

माझा हात चटकन उठतो. यात मिरवण्यासारखं काही नाही, पण लपवण्यासारखंही नाही. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ते ठाऊक आहे. माझ्या हातचा सगळ्यात जास्त मार खाल्लाय तो माझ्या धाकट्या भावाने, आणि तो त्याने दरवेळी व्याजासकट परतही केलाय. नोकऱ्या लागल्यावर आम्ही दोघांनी हात आवरते घेतले होते. त्या रविवारी सकाळी त्याच्या तोंडून ‘पाच’ हा आकडा ऐकला आणि माझा हात पुन्हा उठला.

तो विमानतळावरून नुकताच घरी आला होता. ऑफिसातल्या मित्रांबरोबर आठवडाभर थायलंडला गेला होता, तिथे स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करून कार्ड मिळवलं होतं. शनिवारी, सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, हा पाच वेळा समुद्राच्या तळाशी जाऊन आला आणि केस सुकायच्या आत रात्रीच्या विमानात बसला. एवढी घाई कशाला, तर रविवारी संध्याकाळी गोविंदा पथकाचा सराव होता. दहीहंडी तोंडावर आली होती, पथक त्या दिवशी पहिल्यांदा सात थर लावणार होतं, आणि हा सगळ्यात खालच्या थराचा भक्कम गडी.

“दिवसाला किती डाइव्ह करायच्या असतात रे?” मी विचारलं.

“नवीन माणसाने दोन. फार तर तीन.”

“मग?”

“अगं, आमच्यातल्या एकाने चार मारल्या ना! मी काय तोंड बघत बसू? सकाळच्या डायव्हिंगच्या दुकानवाल्याने तीन झाल्यावर बस म्हटलं. मग दुपारी बाजूच्या दुकानात गेलो. त्याला सांगितलं, आजची पहिलीच आहे.”

त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. चार थर लागले की पाचव्याला हात घालायचाच, हे त्याच्या डोक्यात लहानपणापासून भिनलेलं. पाण्यातही त्याने थरच लावले. मी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, तसा तो खांदा धरून वाकला. तेवढ्या माराने तो कधी वाकत नाही.

“खांदा दुखतोय गं. विमानापासून.”

“हंडीवाल्याचो खांदो दुखाचोच,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आमच्याकडे या दिवसांत खांदेदुखी घरातच मुक्कामाला असते. मी बाम घेऊन त्याचा खांदा असा रगडला की तो कळवळला. “हळू ना यार ताई, मारून टाकशील.” नंतर तो संडासात गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना. आईने दार बडवलं तेव्हा आला आणि हसत म्हणाला, “लघवी होतच नाहीये. विमानात पाणी कमी प्यायलो वाटतं.”

दुपारी आईने गॅसवरून उतरवलेला उकळता चहा त्याच्या हातात दिला. ग्लास त्याच्या हातून निसटला आणि सगळा चहा डाव्या पायावर सांडला. आई किंचाळली, मी उडी मारून मागे सरले. तो जागचा हलला नाही. लाल होत चाललेल्या स्वतःच्या पावलाकडे तो नुसता बघत राहिला.

“मेल्या, पाय भाजलो तुझो! दुखना नाय?”

“नाही गं. सकाळपासून झोपलाय पाय. उठेल मैदानात.”

आई मलम शोधेपर्यंत तो चपला अडकवून गेलासुद्धा.

मी लादी पुसायला बसले आणि फडकं हातातच राहिलं. त्याने आदल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. हिंदी बोलणारा कोणी प्रशिक्षक शिकवतोय आणि मागे आमचा हिरो अंगठा दाखवत उभा. तेव्हा मी नुसतं त्याचं सोंग बघितलं होतं. आता फोन काढून प्रशिक्षकाचं ऐकलं. दिवसाला दोन-तीनच्या वर जाऊ नका. दोन बुड्यांच्या मध्ये तास-दीड तास तरी वर राहा. शेवटच्या बुडीनंतर पूर्ण एक दिवस विमानात पाऊल टाकू नका. सांधे दुखले, हातपाय बधिर झाले, लघवी अडली, चालताना तोल गेला, तर झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा. मी फडकं टाकलं आणि अनवाणी जिने उतरले.

मैदानात चार थर लागले होते. मुलं पाचव्यावर चढत होती. तळाच्या कड्यात मला त्याची मान दिसली, लालबुंद, शिरा तटतटलेली, आणि खाली डावा गुडघा लटलट कापत होता. मी जोरात ओरडले. पथकाचे प्रशिक्षक गळ्यात शिट्टी घालून उभे होते, ते माझ्यावरच खेकसले.

“ए ताई, बाजूला हो! थर चालू असताना आवाज नाय पाहिजे.”

“माझा भाऊ खाली आहे! त्याच्या पायात जीव नाहीये, उतरवा सगळ्यांना!”

“सगळ्यांचेच पाय कापतात. हो बाजूला.”

आमच्या पथकात छोटी शिट्टी म्हणजे पुढचा थर चढायचा आणि लांब शिट्टी म्हणजे सगळ्यांनी उतरायचं. प्रशिक्षकांनी छोट्या शिट्टीसाठी गाल फुगवला, आणि त्याच गालावर मी हात चालवला. चटका माझ्याच तळव्याला बसला. ते सावरायच्या आत मी शिट्टीची दोरी ओढून तोडली आणि छाती फुटेस्तोवर लांब फुंकली.

पाचवा थर उतरला, मग चौथा. तिसऱ्यावरची मुलं पाय खाली सोडत होती तेवढ्यात त्याचा डावा गुडघा मुडपला. धान्याची पोती ट्रकमधून फेकावीत तसा आवाज झाला. माणसांवर माणसं पडली. एकाचा हात नको तिकडे वळला होता, एकाच्या तोंडातून रक्ताचा ओघळ येत होता. सगळ्यात खालून भावाला ओढून काढलं. तो उठायला गेला, भेलकांडला, पुन्हा पडला.

“पिऊन आलास काय रे साल्या? थायलंडची उतरली नाय अजून?”

पहिली लाथ त्याच्या बरगडीत बसली. दुसरी पोटात. तळाचा माणूस दारू पिऊन उभा राहिला म्हणजे वरच्यांच्या जिवाशी खेळला, असं तिथे मानतात, आणि त्यात चूक काही नाही. पण तो प्यायलेला नव्हता. मी त्या गर्दीत घुसले. एकाचे केस मुठीत धरून त्याला मागे खेचला, दुसऱ्याच्या मनगटात दात रुतवले ते जिभेवर खारट लागेपर्यंत सोडले नाहीत. कोणीतरी माझ्या कानाखाली वाजवली. मीही जे हाताला लागेल ते बडवत सुटले, कारण थांबले असते तर रडले असते.

“ताई,” खालून तो म्हणाला, “माझा डावा पाय सापडत नाहीये.”

तेव्हा कुठे त्यांचे हात खाली आले.

ज्यांनी लाथा घातल्या त्यांनीच त्याला उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलात जो तो एकच सांगत होता, हंडीतून पडला. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पाठीच्या कण्याचा एक्स-रे सांगितला. बाहेर रांग होती. मी सांगत होते की तो पडण्याच्या आधीच पाय गेला होता, थर पडले म्हणून पाय गेला नाही, पाय गेला म्हणून थर पडले. “तुम्ही जरा शांत व्हा,” डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या टेबलावरचा ट्रे उचलून भिंतीवर फेकला. कात्र्या, चिमटे, सगळं खणखणत लादीवर पसरलं आणि तो वॉर्ड एकदाचा गप्प झाला.

“काल पाच वेळा समुद्रात खोल गेला,” मी म्हटलं. “आणि मग विमानात बसला.”

डॉक्टर आधी माझ्याकडे बघत राहिले, मग त्याच्या भाजलेल्या पावलाकडे. त्यांनी टाचणीने ते पाऊल टोचलं. तो छताकडे बघत होता, त्याला कळलंच नाही. त्यानंतर मात्र सगळ्यांची पळापळ झाली. तोंडावर ऑक्सिजन चढला, फोन झाले, अँब्युलन्स आली. खोल पाण्यात श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो, डॉक्टर मला घाईघाईत समजावत होते, वर आल्यावर तो हळूहळू निघून जायला वेळ द्यावा लागतो. नाही दिला तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात, आणि याच्या कण्यात ते झालेत. जेवढा उशीर, तेवढा पाय हातचा जाणार.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात, ते बुडबुडे विरावेत म्हणून, त्याला लोखंडी टाकीत झोपवून हवेचा दाब वाढवत. हे बरेच दिवस चाललं. लघवी मोकळी झाली, खांदा सुटला. डावा पाय काही परत आला नाही. घरी आणल्यावर तो आपला पाय दोन्ही हातांनी उचलून पलंगावर ठेवायचा. येईल किंवा येणार नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले.

चहाने भाजलेल्या जागेचे फोड फुटून जखम झाली होती. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिची पट्टी मी बदलायचे. सुकलेली पट्टी मांसाला चिकटून बसायची. मी आधी पाण्याने भिजवून हळू सोडवायचे, मग कधीकधी चीड यायची आणि मुद्दाम खेचायचे. तो पंख्याकडे बघत विचारायचा, “काढलीस?” मला त्याचा भयंकर राग यायचा. एक डाइव्ह जास्त म्हणून मित्रांत मान उंच करून यायचं होतं ना, मग घे आता, असं म्हणावंसं वाटायचं. पण भीती रागापेक्षा मोठी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्यांच्या कणकेला बुक्के घालायचे आणि आई माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. दहीहंडीच्या दिवशी आम्ही खिडक्या लावून घेतल्या, तरी खालचा आवाज आत येतच होता.

एका सकाळी मला उशीर झाला होता. भिजवत बसायला वेळ नव्हता. मी पट्टीचं टोक धरलं आणि एका झटक्यात सगळी उचकटली.

तोंडावर असा तडाखा बसला की माझं डोकं मागच्या कपाटावर आपटलं. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून ड्रेसवर आलं.

“मेली कुठली! दुखतंय ना!” तो ओरडला. “माणूस आहेस की कोण?”

मग आम्ही दोघांनीही खाली बघितलं. त्याचा डावा पाय पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि टाचेला माझं रक्त लागलं होतं.

आई लाटणं घेऊनच धावत आली. “कोणी मारल्यान गो तुका?”

मी त्या पायाकडे बोट दाखवलं. आई होती तिथेच लाटण्यासकट खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली.

मी ओढणीने ओठ पुसला, सरकत पुन्हा पलंगाजवळ गेले आणि तोंड त्याच्या पायासमोर धरलं.

“परत मार,” मी त्याला म्हटलं.