शेपटी नाही
परवा, अंधारात लिहिताना डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला गुंडाळलेला लाल जिलेटिनचा कागद सापडला आणि डोंबिवलीची आमची गच्ची आठवली. सहा वर्षांनी एकदा फिरकणारा धूमकेतू तेव्हा आलेला. दिवेलागणीनंतर कारखान्यांचा उग्र वास सोसत बाबा आणि मी आळीपाळीने दुर्बिणीला डोळा लावायचो, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज आणि धुळीच्या शेपटीची लांबी लिहायचो. बाबांचा नियम एकच, आठवडा संपेपर्यंत दुसऱ्याच्या वहीत बघायचं नाही. मला शेपटी रोज वाढताना दिसत होती. एकदा मी चोरून त्यांच्या वहीत डोकावलो, तर तिथे लिहिलेलं, ‘फार अंधुक. शेपटी नाही.’ त्यांचा चाळीस वर्षांचा सराव. माझंच चुकलं असणार, म्हणून मी माझ्या नोंदी खोडून त्यांच्याच उतरवल्या. आठवड्याअखेर वह्या शेजारी ठेवल्यावर “बघ, जुळलं!” म्हणत ते खूश झाले. मग महिनाभर मी तसंच जुळवत राहिलो. पुढे नौपाड्यातले डोळ्यांचे डॉक्टर बाबांना म्हणाले, “अहो, महिनाभर आधी आला असतात तर नजर वाचली असती.” यंदा तो धूमकेतू परत आलाय. खुर्चीत बसलेले बाबा विचारतात, “शेपटी आहे का रे?” “आहे, बाबा.” “मागच्या वेळी अजिबात नव्हती,” ते ठामपणे सांगतात, “दोघांच्याही वहीत नाही.”