शिंगवाल्या राजाचं नाणं

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावातली ती चौकशी माझ्या मनातून अजून जात नाही. तिथल्या पोलीस खात्यात मी डिटेक्टिव्ह होतो. मराठी येणारा एकटाच, म्हणून मराठी घरातली प्रत्येक भानगड माझ्याच टेबलावर येऊन पडे.

तक्रारदार एक निवृत्त संशोधक, सगळे त्यांना काका म्हणत. बायको वारलेली, मुलगी दूर बेलव्ह्यूला. ग्रीक राजांची जुनी नाणी जमवणं हा एकच नाद. त्यातलं सर्वांत लाडकं, काळपट चांदीचं नाणं डबीतून गेलं होतं.

"घराची चावी फक्त स्वयंपाकाच्या मावशींकडे आहे. तू अरेस्ट कर, मग बोलू," काका म्हणाले. मावशींना विचारलंत का, असं मी म्हटलं तर ते माझ्यावरच उखडले. त्यात शेजारणीने खबर दिली, की मावशी काकांच्या घरामागच्या लाकडी डेकवर चांदीचं काहीतरी घासत बसल्या होत्या.

मावशी आणखी काही घरी पोळ्या करत. चोरीचा आळ आला की ती सगळी घरं सुटणार होती. गस्तीवरच्या अधिकाऱ्याने प्रश्न विचारताच त्या गप्प झाल्या होत्या. गप्प बसणाऱ्यावर संशय लवकर येतो. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा नुसता घाबरलेला असतो. मी त्यांना ठाण्यात बसवून पाणी दिलं आणि मराठीतच चौकशी सुरू केली.

"मावशी, डेकवर काय घासत होतात?"

"देवाची चांदी. लक्ष्मीपूजन आलं ना. टूथपेस्ट लावून लख्ख केली."

"काकांचं नाणं पाहिलंत? त्यावर राजा आहे, डोक्याला शिंग असलेला."

"तो? तो देवात आहे!" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "जेवताना काकाच सांगतात. सिकंदर मेला, राज्य सरदारांनी वाटून घेतलं. पण त्यांना राजा म्हणून मानणार कोण? म्हणून एकाने मेलेल्या सिकंदराला देवाचं शिंग लावलं आणि आपल्या नाण्यावर बसवलं. मग देवाला डबीत कशाला कोंडायचं? तुमचा तो पोलीस चोरी चोरी करायला लागला, मला वाटलं, आता मला तुरुंगातच टाकणार."

मी काकांच्या घरी गेलो. देवघरात लक्ष्मीच्या नाण्यांशेजारी सिकंदर चकचकत होता. काकू गेल्यापासून काका तिकडे फिरकतच नव्हते. दिवा मावशीच लावत.

घासल्यामुळे नाण्याचा जुना रंग गेला होता आणि त्याबरोबर किंमतही. आता काका आकाशपाताळ एक करणार, असं मला वाटलं. मी मावशींचं म्हणणं सांगितलं, तसे काका नाणं हातात घेऊन खाली बसले.

"मावशी ऐकत होत्या?" ते म्हणाले. "मला वाटायचं, मी भिंतीशी बोलतोय."

माफी मागायला काका स्वतः मावशींच्या घरी गेले. मीही सोबत होतो. मावशींनी चहा केला आणि चावी टेबलावर ठेवली. "राग नाही हो काका. पण आता तुमच्या घरातल्या वस्तूला हात लावायचा मला धीर व्हायचा नाही."

केस बंद झाली. घरात विचारायचा प्रश्न आधी घरातच विचारावा, एवढं या केसने मला शिकवलं. नाणं मी शोधून दिलं. मावशींना परत आणणं माझ्या हातात नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर काका ठाण्यात फोन करत. "माझ्या केसमध्ये काही नवीन?" असं विचारत आणि मग राजांच्या गोष्टी सांगायला लागत. मी कामाचं निमित्त सांगून फोन ठेवत असे.

आता मी निवृत्त आहे आणि मुलगा दूर फ्रिस्कोला असतो. संध्याकाळी घर खायला उठतं. मग मीच काकांना फोन लावतो आणि विचारतो, "काका, पुढचा राजा कोण?"