साडूंचा आवाज

माझ्या साडूंइतका मन लावून रागावणारा माणूस अख्ख्या लखनौत दुसरा झाला नाही. ज्या शहरात भांडणसुद्धा ‘आप’ म्हणत करतात, तिथे हे सांगलीचे गृहस्थ पंचवीस वर्षं बँकेत नोकरीला राहिले, पण त्यांचा आवाज काही खाली आला नाही. त्यांच्या विकास नगर भागातल्या भाजीवाल्याने भेंडीवर पाणी मारलं की हे भेंडीच्या वतीने रागावणार. महानगर या आमच्या भागात, आमच्या घरी आले की जिन्यातल्या बंद दिव्यावरून आधी मला झापणार, मग चपला काढणार. एकदा डॉक्टर उशिरा आले म्हणून त्यांनी दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटना निषेध म्हणून उभं केलं होतं. त्यात एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता.

अशा माणसाबरोबर लहान मुलं घेऊन गुहा बघायला जाऊ नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. मे महिन्यात आम्ही दोन्ही कुटुंबं पहाडात गेलो. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची, मुलगा तीन. गुहेच्या तोंडाशी मोबाइल जमा करायला सांगितल्यावर साडू अडून बसले. “लाइट गया तो अंदर क्या व्यवस्था है?”

“जाता नहीं है, साहब,” तिकीटवाला म्हणाला.

“ये उत्तर नहीं है,” साडू म्हणाले, आणि मागची रांग उन्हात तापत राहिली.

आत गाइड टॉर्चने दगड दाखवत होता: ये शेर, ये कमल. मुलं हरखून गेली होती. साडूंना ते बघवेना. “बच्चों से झूठ मत बोलो. ये सिर्फ चूना है, हजारों साल से टपक रहा है.” माझी मुलगी रडवेली झाली.

“भाऊसाहेब, पाच वर्षांची आहे ती,” मी दात आवळून म्हणालो.

“म्हणूनच खरं सांगतोय.”

यापुढे या माणसाच्या पंगतीलाही बसायचं नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

आणि दिवे गेले. “जनरेटर देखता हूँ” म्हणत गाइड टॉर्चसकट निघून गेला. पायाखाली निसरड्या पायऱ्या, भोवती तीस-चाळीस माणसं. मागून लोंढा आला. मुलगा माझ्या कडेवर होता, मुलीचा हात सुटला. मी हाका मारत होतो, पण त्या गोंगाटात माझ्या हाका मलाच ऐकू येत नव्हत्या.

मग साडूंचा आवाज आला. “सब बैठ जाओ. जो हिलेगा उसकी लिखित शिकायत होगी.” खरं सांगतो, सगळे बसले, आणि मुलीच्या नावाने मारलेली माझी हाक साडूंपर्यंत पोचली. “बेटा, मैं डाँटता रहूँगा, तू बैठे-बैठे आवाज की तरफ सरक.” आणि ते रागावत राहिले: तिकीटवाल्यावर, वीज खात्यावर, ही सहल ठरवणाऱ्या माझ्यावर. क्षणभरही थांबले नाहीत. मला जन्मात कुणाचं बोलणं इतकं हवंहवंसं वाटलं नव्हतं. एका वाक्याच्या मधेच ते अडखळले आणि अगदी हळू म्हणाले, “आली हो. माझ्या मांडीवर आहे.”

बाहेर आल्यावर त्यांनी तक्रारवही मागवली. चार पानं लिहिली, पण सहीच्या जागी ते पुन्हा पुन्हा तारीखच लिहायला लागले, तेव्हा ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन सांगलीला गेले. यंदा आम्ही दुसऱ्या एका गुहेत गेलो. कठडे होते, लख्ख उजेड होता, वीस मिनिटांत बाहेर. मुलगी म्हणाली, “मौसाजी होते तो अभी अंदर ही होते.” मी त्यांना फोन लावला आणि विचारलं, “तिकडे सध्या कुणावर रागावता?”

ते म्हणाले, “इथे सगळे माझ्यासारखंच बोलतात हो. कुणी दचकतच नाही.”